गुरुवारची मृणाल

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि त्या शहाऐंशीच्या. इतक्या उशिरा पदरात पडलेल्या गोष्टीची चौकशी करू नये, मुकाट घ्यावी, असं मला वाटलं. जन्मभर मी शाळेत विज्ञान शिकवलं, 'असं का झालं ते विचारा' म्हणून मुलांना छळलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा काहीच विचारलं नाही.

आधी नावाचं सांगते, कारण सगळा घोळ नावाचा आहे.

माहेरी मी रंजना. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहायची वेळ आली तेव्हा शिरीषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, 'मृणाल' लिहिलं. मृणाल ही त्याची धाकटी बहीण. आमच्या लग्नाच्या काही वर्षं आधी, कॉलेजात असतानाच, काविळीनं गेली. या नावाची हाक घरात पुन्हा ऐकू यायला हवी, असा सासूबाईंचा हट्ट होता. गुरुजीसुद्धा अडखळले. बहिणीचं नाव बायकोला? मांडवात कुजबुज झाली. मला कुणी विचारलं नाही. माझे वडील समजूत घालायला म्हणाले, "चांगलं आहे की नाव. मृणाल म्हणजे कमळाचा देठ." देठ झाल्याचा मला आनंद होईल अशी त्यांची कल्पना असावी.

नाव मिळालं, हाक काही मिळाली नाही. शिरीषला बहिणीच्या नावानं बायकोला बोलावता येईना. तो जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर निभावून गेला. सासूबाई 'मृ' म्हणायच्या, मध्येच थांबायच्या आणि मग म्हणायच्या, "चहा टाक." शाळेत मी सबनीसबाई. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे 'आई' म्हणणारंही कुणी नाही. आणि माहेरची माणसं एकेक करून गेली तेव्हा रंजना म्हटल्यावर ओ देणारी बाईही त्यांच्याबरोबर गेली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत. मी त्यांना 'अहो आई' म्हणायचे, त्या मान हलवायच्या, आणि असा आमचा संसार पस्तीस वर्षं चालला.

शिरीष गेल्यानंतर वर्षभरात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. त्यांना उचलायला दोन माणसं लागत, आणि मी एकटी, तीही गुडघे गेलेली. मिरजेबाहेर मालगाव रस्त्याला 'सांजवेल' नावाचं वृद्धनिवास आहे, तिथे त्यांना ठेवलं. दर गुरुवारी दुपारी मी बिनचालकाच्या बसनं जायचे. त्यांच्या डोळ्यांचं माझ्या लक्षात आलं ते तिथेच. बशी समोर असून त्या पोहे चाचपडायच्या. टीव्हीकडे मान तिरकी करून बघायच्या. तिथली माणसं म्हणायची, वय झालं, विसरायला लागल्या आजी. विसरत-बिसरत काही नव्हत्या. त्यांना दिसत नव्हतं.

हे सगळ्याच वृद्धनिवासांत चालतं. कुणाला पिकलेला मोतीबिंदू, कुणाच्या नाकावर शेजारणीचा चष्मा, कुणाच्या काचेवर मागच्या आठवड्याची आमटी, आणि सगळ्यांवर शिक्का एकच, म्हातारपण. मी व्यवस्थापकांच्या इतकी मागे लागले की शेवटी त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांची तपासणी सुरू केली. ती करायला आली नाझनीन मुजावर, माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता डोळ्यांची डॉक्टर. तिला तिथेच एक खोली दिली.

सासूबाईंचं दुखणं मोतीबिंदूचं नव्हतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध एक लहानसा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं त्याची. वयानं तो झिजतो, पडद्याच्या कडा मात्र शाबूत राहतात. म्हणजे सासूबाईंना दार दिसत होतं, दारातल्या बाईच्या साडीचा काठ दिसत होता, आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. सहा वर्षं त्यांनी एकही चेहरा बघितला नव्हता, स्वतःचासुद्धा. शिरीषचं शेवटचं दर्शन त्यांनी कसं घेतलं असेल, ते मला तेव्हा उमगलं. आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

त्यावर नवा उपाय निघाला होता. मधल्या भागातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या, तरी मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी जिवंत असतात, नुसत्या काम नसल्यामुळे बसून असतात. तळ्यातल्या एका जातीच्या शेवाळाला उजेड कळतो. उजेड ओळखण्याचं त्याचं जनुक सुईनं या बसलेल्या पेशींत सोडायचं. दोनेक महिन्यांत त्या स्वतःच उजेड ओळखू लागतात. पण त्यांना साधा उजेड पुरत नाही, म्हणून एक चष्मा. चष्म्यातला कॅमेरा समोरचं बघतो आणि तेच चित्र तेजस्वी नारिंगी ठिपक्यांनी डोळ्यात उतरवतो.

हे यंत्र करणारे एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण ते ठिपके थोडे. त्यातून कपबशी कळते, खिडकी कळते, चेहरा कळत नाही.

"बाई, माझे अब्बा रफूगर होते," नाझनीन मला समजावत होती. "कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतले धागे काढायचे आणि भोक विणून टाकायचे. हे यंत्र तसंच करतंय बघा. समोर कोण आलंय ते फाटकावरच्या नोंदीवरून ओळखायचं, आणि चेहऱ्याच्या जागी साठवलेल्या फोटोतला चेहरा विणायचा."

"म्हणजे खोटं दाखवायचं."

"तुम्हीच शिकवलंय की आम्हाला. डोळ्यातून नस जिथं बाहेर पडते तिथं प्रत्येकाला एक आंधळा ठिपका असतो. आपल्याला भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो. मेंदूनं केलं तर चालतंय, आणि यंत्रानं केलं की खोटं होय?"

विद्यार्थी वर्गात लक्ष देत होते हे इतक्या वर्षांनी कळणं फारसं सुखाचं नसतं.

फोटो मीच दिले. सासूबाईंच्या कपाटातला जुना अल्बम यंत्रासमोर धरला आणि एकेकाचं नाव बोलत गेले. हे सासरे. हा शिरीष. ही मृणाल. पुढे आमच्या लग्नाचे फोटो आले, तिथेही तेच. हा शिरीष. ही मृणाल. फोटो जुने असले तरी चालतील, असं नाझनीन म्हणाली होती. चेहरा कुठे सुटतो, कुठे सुरकुततो, याचं गणित यंत्राला येतं. जुन्या फोटोचं वय वाढवून ते माणूस आज जसा दिसेल तसा दाखवतं.

सुई देऊन दोन महिने झाल्यावर चष्मा घातला तो दिवस गुरुवारच होता. सासूबाईंनी आधी खिडकी बघितली, मग हातातली वाटी. मग नाझनीनकडे वळून म्हणाल्या, "एवढीशीच आहेस होय तू? मला थोराड वाटत होतीस." त्यांच्या कानातल्या यंत्रातून सगळ्यांचेच आवाज डब्यातून आल्यासारखे येतात, त्यांना एका आवाजाचं दुसऱ्याहून वेगळं काही कळत नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

हात पुढे करून त्यांनी माझ्या गालावर ठेवला. बोटं थंड होती.

"मृणाल," त्या म्हणाल्या. मध्ये न थांबता, पूर्ण. "किती म्हातारी झालीस गं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुम्ही किती वर्षांनी बघताय आई. व्हायचंच."

"तुम्ही काय म्हणतेस परक्यासारखं? ये इकडे."

आणि त्यांनी मला जवळ घेतलं.

पुढचे काही आठवडे मी वेड्यासारखी सुखात होते. परतीच्या बसमध्ये ओठातल्या ओठात उजळणी करायचे, 'तू जेवलीस का, तू नीट बस, तुला काय आणू.' पस्तीस वर्षांचं 'तुम्ही' जिभेवरून उतरता उतरत नव्हतं. पण एका गुरुवारी उतरलं. "आई, तू औषध घेतलंस का?" असं मी चक्क म्हणाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या माझ्या वाटणीचा शिरा झाकून ठेवायच्या. मला खाली बसवून माझ्या केसांना तेल लावायच्या. अठ्ठावन्न वर्षांची, निवृत्त झालेली बाई सासूच्या पायाशी बसून तेल लावून घेते आहे हे बघून शेजारच्या खोलीतल्या बापटआजी म्हणायच्या, "काय लाड चाललेत लेकीचे." मी सुधारलं नाही. उलट मला ते आवडलं.

एकदा तेल लावता लावता त्यांनी माझी मान वर केली. "हनुवटीवरचा व्रण अजून गेला नाही तुझा."

माझ्या हनुवटीवर व्रण नाही. परत येताना बसच्या काचेत मी चेहरा दोनदा बघितला. ठिपके थोडे असतात, एखादा चुकला असेल, अशी मी माझी समजूत घातली.

पुढच्या गुरुवारी त्या हसून म्हणाल्या, "गणपतीच्या देवळासमोर सायकल आपटलीस, फ्रॉक रक्तानं भरला, आणि मला म्हणालीस, आई, दादाला सांगू नको, तो पुन्हा सायकल देणार नाही."

मला दादा नव्हता. सायकल मी कधी चालवली नाही. दादा म्हणजे शिरीष.

मी त्यांचा हात हळूच बाजूला केला, वाटीतलं तेल झाकलं आणि नाझनीनच्या खोलीत गेले. "सासूबाईंना मी कशी दिसते ते मला दाखव," म्हटलं.

तिनं पडद्यावर ते चित्र आणलं. एक साठीची बाई होती. केस पांढरे, मागे बांधलेले. शिरीषच्या भुवया, सासूबाईंचं नाक, हनुवटीवर बारीक पांढरी रेघ. साडी मात्र माझी, त्या दिवशी मी नेसले होते तीच. जिला मी प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं ती माझी नणंद म्हातारी होऊन माझ्या साडीत उभी होती. विसाव्या वर्षी गेलेल्या मुलीला यंत्रानं चाळीस वर्षं जगवून आणलं होतं. चेहरा प्रसन्न होता. चांगलं आयुष्य गेलेल्या बाईचा.

नाझनीननं आतली माहिती उलगडली आणि तिचा आवाज खाली गेला. मृणाल नावाचे दोन चेहरे यंत्राला सापडले होते. त्यानं आजींच्या चेहऱ्याशी मिळताजुळता होता तो धरला. "बाई, याला सगळीकडच्या वृद्धनिवासांतलं शिकवलंय. दर आठवड्याला न चुकता कोण येतं? तर मुलगी. सुना फारशा येत नाहीत. म्हणून त्यानं..."

"सून असती तर आली नसती," मी म्हटलं. "हुशार आहे तुझं यंत्र."

"मी आत्ता दुरुस्त करते. दोन मिनिटांचं काम आहे. पण मग आजींना त्यांची मुलगी दिसणार नाही."

मला विचार करायला वेळ लागला नाही, हे मी लपवणार नाही. मला राग आला होता. नाव घेतलं होतं, हाक घेतली होती, आता तोंडही. त्यांनी आयुष्यात एकदा तरी मला बघावं, एवढंच मला हवं होतं. तो गालावरचा हात माझ्या गालावर होता, पण माझ्यासाठी नव्हता, हे मला सहन होईना.

"कर," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी मी चांगली साडी नेसून गेले. सासूबाई खुर्चीत वाट बघत होत्या. शिरा झाकून ठेवलेला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी बघितलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

"ती कुठंय?"

"कोण आई?"

"गुरुवारी येते ती."

"मीच येते. तू नीट बघ ना..."

"तू?" त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. अनोळखी माणसानं खांद्यावर हात ठेवला तर आपण जसे मागे सरतो, तशा त्या सरल्या.

"तुम्ही," मी म्हणाले. "तुम्ही नीट बघा."

त्यांनी खरंच नीट बघितलं. माझं कपाळ, डोळे, गाल, सगळं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला इतकं निरखलं.

"हां," त्या म्हणाल्या. "शिरीषची बायको. बस."

मी बसले. त्यांनी शिऱ्याची ताटली माझ्याकडे सरकवली, पाहुण्यांकडे सरकवतात तशी. थोड्या वेळानं त्याच बोलल्या. "ती गेली हे मला ठाऊक आहे. मी वेडी नाही. हे यंत्राचं काहीतरी असणार, एवढं मलाही कळत होतं. पण येत होती गं. केस पांढरे झाले होते तिचे. मी मनाशी म्हणायची, चला, म्हातारी तरी झाली."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी निघेपर्यंत पुन्हा घातला नाही.

दोन दिवसांनी नाझनीनचा फोन आला. आजी चष्मा घालतच नाहीत, खणात ठेवून दिलाय, विचारलं तर म्हणतात, बघण्यासारखं काही नाही. जेवणावरही लक्ष नाही.

मी गेले. सासूबाई झोपल्या होत्या, त्यांना भेटले नाही. नाझनीनला म्हटलं, "पहिल्यासारखं करून टाक."

ती ऐकेना. "बाई, आधी झाली ती चूक होती. आता जाणूनबुजून तुमचा चेहरा पुसायचा? कायमचा? त्यांचं वय बघा. त्या आता तुम्हाला परत कधी..."

"कळतंय मला."

"मग तुम्हाला काय राहतं?"

मला फार दुखत होतं, एवढंच खरं. पण मी सासूबाईंच्या खोलीत उभी राहून खणाकडे बघितलं होतं. माझा चेहरा बघायला लागू नये म्हणून एका म्हातारीनं दृष्टी काढून ठेवली होती. त्यापेक्षा आंधळी झालेली बरी, असं तिला वाटत होतं. ती बरोबर का चूक, हे मी कोण ठरवणार? तिचे ते किती दिवस उरले होते, आणि त्यात तिला कुणाला बघायचं होतं, हे मात्र मला माहीत होतं.

"कर गं बाई," मी म्हटलं. नाझनीन रडत होती, पण तिनं केलं.

गुरुवारी मी नेहमीचीच साडी नेसून गेले. सासूबाईंना चष्मा नाझनीननं आधीच घालून दिला होता. मी दारात पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. माझ्यासाठी कुणाचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता, आणि तेव्हाही तो माझ्यासाठी नव्हता.

"आलीस? मागच्या गुरुवारी का नाही आलीस?"

"नाही जमलं गं, आई."

"खाली बस." त्यांनी तेलाची वाटी घेतली. बोटं माझ्या केसांत फिरायला लागली. बाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं.

"ती आली होती," त्या म्हणाल्या. "शिरीषची बायको."

"हो का?"

"चांगली आहे गं ती. मीच तिच्याशी बरी वागले नाही. तुझं नाव तिला दिलं मी, आणि हाक मारायला गेले की तूच आठवायचीस. मग हाकच मारली नाही कधी. त्यात तिचा काय दोष? लहान होती. तिला तिचं नाव होतं की चांगलं. रंजना."

माझ्या केसांतला त्यांचा हात थांबला नाही. मी मान वर केली नाही. मान वर केली असती तरी त्यांना माझे डोळे दिसले नसते, मृणालचे कोरडे, प्रसन्न डोळे दिसले असते.

"तिच्या तोंडावर मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "आता या वयात काय बोलायचं? तुला भेटली ती कधी, तर माझ्या वतीनं एकदा हाक मार तिला. तिच्या नावानं."

"मारते."

"जोरात नको हं. दचकते ती." त्यांनी दाराकडे तोंड केलं, जणू स्वयंपाकघरात कुणी आहे, आणि कशी हाक मारायची ते मला दाखवलं. हळूच, शेवट लांबवून, घरातल्या माणसाला मारतात तशी.

"रंजनाऽ."

तोंडापर्यंत आलेली ओ मी गिळली.

"सांगते तिला," मी म्हणाले. "तू पड आता थोडी, आई."